इतिवृत्तात हशा नसतो

उजवा हात छातीवर, मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि मग अगदी मऊ, रेशमी आवाजात दोन शब्द : "बडी मेहेरबानी." वीज गेली की ते हे म्हणत. नळातून पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसली की म्हणत. दुकानासमोर कुणी मोटारसायकल आडवी लावून निघून गेला, तर त्याच्या पाठीला उद्देशून म्हणत. ज्याला त्यांची ओळख नव्हती त्याला वाटे, काय कृतज्ञ गृहस्थ आहे हा! ज्यांना ओळख होती ते ओठ दाबून दुसरीकडे पाहत.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपल्याकडे तक्रार सरळ करण्याची रीत फारशी नाहीच. उशिरा आलेल्याला आपण 'या साहेब' म्हणतो, काम बिघडवणाऱ्याला 'शाबास' म्हणतो. त्यातून आमच्या या शहराच्या जिभेवर जुन्या दरबारी अदबीचा मुलामा. इथे माणूस शिवीसुद्धा वाकून देतो. पण त्यांच्याइतका वाकणारा मी दुसरा पाहिला नाही.

ते जिल्दसाज होते, वह्या-पुस्तके बांधणारे. औरंगपुऱ्याच्या मागे एका अरुंद बोळात त्यांचे दुकान होते आणि दुकानाच्या पडद्यामागे घर. मी एका सार्वजनिक कार्यालयात बैठकांची इतिवृत्ते लिहिते. कोण काय म्हणाले, काय ठरले, हे टिपायचे, मग शुद्ध मराठीत उतरवायचे. वर्षभराची पाने साठली की ती बांधून घेण्यासाठी मी त्यांच्याकडे जात असे. बोळात शिरताच वास यायचा : शिजवलेल्या खळीचा पिठूळ, किंचित आंबूस वास, त्यात मोरचुदाची हिरवी-निळी कडवट धार. वाळवी लागू नये म्हणून ते खळीत मोरचूद घालत. त्यांची बोटे त्या निळ्या छटेने कायमची माखलेली असत, आणि कागदावरून हात फिरवताना ते असा फिरवत, की तो कागद जणू एखाद्या जनावराची पाठ आहे आणि त्याला बिचकू द्यायचे नाही.

"आलात, बाई?" ते म्हणत. "एवढी घाई कशाला केली? अजून दिवस मावळला नाय."

"चाचा, मी दहाचे सांगितले होते, अकराच वाजलेत."

"तेच म्हणतो. मी घड्याळालाच रागावलो. म्हणलं, बाई कार्यालयातून येणार, तू कशाला पुढं पळतं?"

चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे भलेमोठे फलक लागत. प्रत्येक फलकावर चाळीस चेहरे आणि एखाद्या 'भावी' पुढाऱ्याचे हसू. चाचा दूध आणायला निघाले की त्या फलकासमोर थांबत, छातीवर हात ठेवत आणि मोठ्याने विचारत, "भावी साहेब, आमच्या बोळातला दिवा बंद हाये. तुम्ही भविष्यात, आम्ही अंधारात. भेट व्हायची कशी?" चहाच्या टपरीवरचे लोक खिदळत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा थांबत, पुन्हा विचारत.

एकदा आमचे मोठे साहेब स्वतः दुकानात आले होते. खंड लवकर हवे होते, म्हणून मला गाडीत घालून त्यांनी बोळाच्या तोंडापर्यंत आणले आणि नाकाला रुमाल लावून ते आत शिरले. चाचा शिकंज्यात दाबलेली वही सोडून उठले. "या, या, हुजूर! आता या बोळाला नवीन फरशी बसवावी लागंल. ही आमच्या पायांची, तुमच्या पायांना शोभत नाय." साहेब इतके खुलले, की त्यांनी तिथे बसून चहा घेतला. परत येताना गाडीत म्हणाले, "माणूस मोठा अदबशीर आहे हो." मी खिडकीबाहेर पाहत हसू गिळले. त्या वेळी मला ते फार गोड वाटले होते, ते गिळलेले हसू. मी आणि चाचा एका बाजूला आणि साहेब एकटे दुसऱ्या बाजूला, असे काहीतरी.

पडद्यामागे चाची असत. बाजेवर बसून, भिंतीला पाठ टेकून त्या पानांची जुडगी शिवत. दाभण आत जाई, दोरा सरसरत बाहेर येई; तो आवाज मला अजून ऐकू येतो. चाचांचा उपरोध त्या पडद्याआडून ऐकत आणि मधूनच मला सांगत, "बाई, यांचं मनाला लावून नका घेऊ. यांचं बोलणं उर्दूवानी उजवीकडून वाचायचं असतं." कधी म्हणत, "जन्नतच्या दारावर पण यांना थांबवतील. फरिश्ते विचारतील, हा तारीफ करतो की आमची टिंगल?"

मात्र चाचींशी ते कधी तसे बोलत नसत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. चाचींसाठी त्यांच्याजवळ दोन-तीन बुटकी, उघडी वाक्ये होती. "दवा ली क्या?" "दुखरा क्या?" "लेट जा." त्यात ना अदब, ना डौल. जगाशी बोलताना ज्या जरीच्या अंगरख्यात ते वावरत, तो पडद्यापाशी उतरवून ठेवत.

एकदा मी विचारले होते, "चाचा, तुम्ही सरळ का सांगत नाही लोकांना?"

खळ ढवळणारा त्यांचा हात थांबला नाही. "सरळ मागितलं की नाही म्हणायला समोरच्याला मजा येते, बाई. माझ्या बापानं उभा जन्म अर्ज केले. 'विनंती आहे, विनंती आहे.' ते कागद मीच बांधून ठेवलेत. मी म्हणलं, आपण मागायचंच नाय. आपण आधीच आभार मानून टाकायचे. मग देवो न देवो, मान तर खाली जात नाय ना?"

चाचींना साखरेचा आजार होता. एका उन्हाळ्यात चपलेचा पट्टा घासून उजव्या पायाच्या करंगळीजवळ जखम झाली. अगदी लहान, मसुरीच्या दाण्याएवढी. ती भरेना. त्यांच्या दारापासून तिसरे दार आमच्या कार्यालयाच्या अखत्यारीतल्या दवाखान्याचे होते : दोन खोल्या, एक डॉक्टर, एक सिस्टर. चाची एक दिवसाआड भिंत धरून तीन दारे चालत जात. सिस्टर जखम धुई, औषध लावी, पट्टी बांधी आणि रागावे, "चाची, अनवाणी फिरलात ना?" पावसाळा संपेपर्यंत जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या होत्या. मला चाचींनी पाय उघडून दाखवला होता, नवीन बांगडी दाखवावी तशा कौतुकाने. "सिस्टर म्हणली, अजून चार महिने. मध्ये खंड नाय पडला पाहिजे, बस्."

ते चार महिने तेवढे मिळायला हवे होते.

दवाखाना हलवायचा प्रस्ताव त्याच सुमारास आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत, मोठी इमारत तयार होती. प्रस्तावावर परिसरातल्या नागरिकांची बैठक घ्यावी आणि हरकती नोंदवाव्यात, असा नियम. एक जरी हरकत कागदावर आली तरी जागेची पुन्हा पाहणी करावी लागे, आणि पुन्हा पाहणी म्हणजे सहा महिने. हे मला ठाऊक होते. बोळातल्या कुणालाही ठाऊक नव्हते.

बैठक मोहल्ल्यातल्या शाळेत झाली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे वर करून बसली होती. खडूचा, घामाचा आणि कुणाच्या तरी अत्तराचा वास कोंदला होता. मोठ्या साहेबांनी प्रस्ताव वाचला आणि विचारले, "कुणाला काही बोलायचे आहे?" सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

चाचा उठले. हात छातीवर गेला.

"साहेब, आम्ही लई दिवसांपासून वाट बघत होतो, हा दवाखाना कधी एकदाचा जातो. घराजवळ दवाखाना असला की माणूस आळशी होतो. तीन दारं चालला की औषध! याला काय जगणं म्हणतात? आता कसं, आख्खं शहर ओलांडून जावं लागंल. हवा लागंल, ओळखीपाळखी होतील. जो पोहोचंल तो वाटंतच बरा झालेला असंल, आणि जो पोहोचणार नाय त्याच्यावर सरकारचं औषध वाया जाणार नाय. किती बारीक विचार केलाय साहेबांनी! आमची कुणाची काय पण हरकत नाय. मी तर म्हणतो, उद्याच हलवा. बडी मेहेरबानी."

छप्पर उडेल असा हशा झाला. बाकांवर थापा पडल्या. मागून कुणी ओरडले, "वा चाचा, क्या बात है!" एक-दोघांचे फोन वर होते, चित्रण चालले होते. साहेबही हसले. मीही हसले; पेन हातात धरून, मान खाली घालून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर साहेबांनी दोनदा विचारले, आणखी कुणी? कुणी उठले नाही. दरवाज्याशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसले, तशी ती म्हणाली, "चाचा बोलले ना सगळ्यांच्या तर्फे. त्याच्यावर आता आपण काय बोलायचं?"

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ते भाषण माझ्या स्वतःच्या वहीत शब्दन् शब्द उतरवून ठेवले. कुठे ते थांबले, कुठे आवाज खाली आणला, सगळे. ते मला इतके सुंदर वाटले होते. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी इतिवृत्ताचा मसुदा घेऊन बसले.

मी अधीक्षकांकडे गेले, हे खरे आहे. "साहेब, त्या जिल्दसाजांचे कसे लिहू? ते उपरोधाने बोलले होते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "हरकत नाही, असं म्हणाले का?"

"म्हणाले, पण..."

"उद्याच हलवा म्हणाले?"

"हो."

"मग झालं की. इतिवृत्तात माणूस काय बोलला ते येतं, बाई. कसा बोलला ते येत नाही. कंसात 'हशा' लिहायला ही काय विधानसभा आहे?"

मी जागेवर परतले आणि लिहिले : 'परिसरातील ज्येष्ठ नागरिकांनी स्थलांतराच्या निर्णयाचे स्वागत करून कार्यालयाचे आभार मानले, तसेच स्थलांतर तातडीने करण्याची विनंती केली. हरकती : निरंक.'

वाक्य चांगले उतरले होते. मला अशी वाक्ये लिहिण्याचा सराव आहे. जिवंत बोलणे माझ्या वहीत गेले आणि त्याचा सांगाडा सरकारी कागदावर, आणि या वाटणीत मला त्या दिवशी काही वावगे वाटले नाही. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून दाखवतात, मगच ते कायम होते. चाचा ऐकतील, उठतील, दुरुस्त करतील. असे मी स्वतःला सांगितले, आणि मला ते पटले.

मधल्या महिनाभरात त्या चित्रणाने सगळे शहर पालथे घातले. माझ्या बहिणीने ते मला सिल्लोडहून पाठवले. रिक्षावाले चाचांना पाहून छातीवर हात ठेवू लागले. अनोळखी मुले दुकानाशी येऊन म्हणत, "चाचा, एक होऊन जाऊ द्या." चाचांना ते आवडत होते की नाही, मी सांगू शकत नाही. ते नेहमीसारखे वाकत आणि म्हणत, "काय शोहरत दिली पोरांनो! आता दुकानाचं कुलूप काढलं तरी चालंल, चोर पण सलाम करून जातील."

दुसऱ्या बैठकीला शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक दवाखान्यासाठी आले नव्हते. चाचांना ऐकायला आले होते. पहिल्या रांगेत फोन आधीच वर धरलेले होते.

मी उभी राहून इतिवृत्त वाचले. 'ज्येष्ठ नागरिकांनी... स्वागत करून... आभार मानले... विनंती केली.' माझा स्वर सपाट होता, तसाच लागतो. 'हरकती : निरंक' इथपर्यंत आले, तेव्हा कोपऱ्यातल्या बाकाचा लाकडी करकर आवाज झाला. चाचा उठले होते. या वेळी हात छातीवर नव्हता. दोन्ही हातांनी बाकाची कडा धरलेली होती.

"साहेब, हे मी म्हणलो नाय."

"म्हणाला नाहीत?" साहेब हसून म्हणाले. "आख्ख्या शहरानं पाहिलंय की!"

हशा.

"म्हणलो. पण तसं नाय म्हणलो." त्यांनी घसा साफ केला. "आमची हरकत हाये. दवाखाना हलवू नका."

हशा आणखी मोठा झाला. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तिथे सवयीची एकही रेषा नव्हती. गालांची कातडी सैल पडली होती. शब्द शोधणारा म्हातारा माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते. पण लोकांनी चेहरा पाहायचे कधीच सोडून दिले होते. ते शेवटच्या टोल्याची वाट पाहत होते.

"माझ्या बायकोच्या पायाला जखम हाये," चाचा म्हणाले. "साखरेची. तिला लांब जाता येत नाय. पट्टी चुकली तर पाय जाईल. तिचा पाय जाईल, साहेब."

"पाय जाईल, पण हवा लागंल!" मागून कुणीतरी त्यांच्याच चालीत जोडून दिले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टी मारली.

चाचा थांबले. त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत माझ्यापाशी येऊन ठरली. माझ्या हातात पेन होते. बैठकीत इतिवृत्त लिहिणारीने बोलायचे नसते. मी नजर खाली, कागदावर नेली.

आणि तेव्हा त्यांच्यात काहीतरी मोडले, किंवा जे मोडू द्यायचे नाही ते त्यांनी वाचवले. मला अजून ठरवता आलेले नाही. पाठ ताठ झाली. हात बाकावरून उचलला गेला आणि छातीवर आला. "माफ करा, साहेब," तो जुना, रेशमी आवाज आला. "म्हातारपण हाये, बोलता बोलता सरळ होऊन जातो. बाईंनी लई बराबर लिहिलंय. एक अक्षर पण हलवू नका. दवाखाना तेवढा हलवा."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतिवृत्त एकमताने कायम झाले.

दवाखाना तीन आठवड्यांत गेला. एका टेम्पोत सगळा मावला : दोन खाटा, कपाट, तराजू, ड्रेसिंगचा ट्रे. सिस्टर चाचींकडे येऊन पट्ट्यांची तीन पाकिटे ठेवून गेली आणि तिने चाचांना जखम कशी धुवायची ते दाखवले.

मग मी धडपडले. ज्या वेळी धडपडायचे असते ती वेळ टळल्यावर. मी चाचांच्या नावाने अर्ज लिहिला, सरळ, एका पानाचा. सगळे त्यात सांगितले. तो घेऊन दुकानात गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. सुरुवातीचा 'विनंती' हा शब्द ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सही केली, मराठीत, मोठ्या जपून काढलेल्या अक्षरांत. अर्ज मी हातोहात पुढे नेला. बारा दिवसांनी उत्तर आले : कायम झालेल्या इतिवृत्तात अर्जदाराने स्वतःच स्थलांतराचे स्वागत केल्याचे नमूद असल्याने, अर्जाचा विचार करता येत नाही. उत्तराची भाषा मला ओळखीची होती. ती माझीच होती.

नव्या दवाखान्यात चाचींना न्यायचे तर बोळात रिक्षा येत नसे. चाचा आणि शेजारचा एक शिंपी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेत. पहिल्या आठवड्यात दोनदा नेले, दुसऱ्यात एकदा. तिथे रांग असे. उन्हात पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसल्याने पाय सुजे. मग चाचा घरीच पट्टी बांधू लागले. मी पाहिले आहे त्यांना बांधताना. ज्या हातांनी ते पुस्तकाच्या पाठीला कापड चढवत, त्याच हातांनी. एकही सुरकुती नाही, एकही टोक सैल नाही. इतकी देखणी पट्टी सिस्टरनेही कधी बांधली नसेल. पण आतली जखम त्यांना वाचता येत नव्हती.

"दुखरा क्या?" ते विचारत.

"नै," चाची म्हणत. आणि तेच तर भयंकर होते. साखरेने पाय बधिर झाला होता; त्यांना दुखतच नव्हते.

संक्रांत झाली आणि बोळातल्या खळीच्या वासाखाली दुसरा एक वास येऊ लागला. गोडसर, जड, साचलेल्या फुलदाणीतल्या पाण्यासारखा. पहिल्यांदा तो मला आला तेव्हा मी दारातच थांबले. चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि मला आला आहे हे ओळखले. त्यांनी जास्तीचे मोरचूद खळीत टाकले आणि ढवळत राहिले, ढवळत राहिले, भांडे तळाशी करपेपर्यंत.

मोठ्या रुग्णालयात करंगळी काढली, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चाची शुद्धीवर आल्या, तेव्हा त्यांनी चाचांना विचारले म्हणे, "चपला कुठं ठेवल्या?" चाचांनी सांगितले, "घरी आहेत." पाचव्या दिवशी त्या गेल्या.

मी भेटायला गेले, तेव्हा बोळात सतरंजी अंथरली होती. माणसे दबक्या आवाजात बोलत होती. ज्या मुलांनी चित्रण केले होते त्यांतली दोघे तिथे पाण्याचे पेले फिरवत होती. सिल्लोडला दिलेली चाचांची लेक आली होती, तिने मला आत नेले. चाचा चाचींच्या बाजेवर, त्यांच्याच जागी, भिंतीला पाठ टेकून बसले होते. मी समोर जमिनीवर बसले. मला माफी मागायची होती. मी घरून शब्द जुळवून आणले होते, आणि तिथे बसल्यावर ते सगळे मला टंकलिखित मजकुरासारखे दिसू लागले.

"चाचा, मी..." एवढेच आले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता, रेशीम नव्हते, काहीच नव्हते. पेल्यात ओतलेल्या पाण्यासारखा आवाज.

"त्यांना नव्हतं कळलं, बाई. ते हसले, त्यांना कळलं नाय. साहेबांना तर कधीच कळलं नाय. तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जणू एवढेच नक्की करून घ्यायचे होते. मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि लेकीने मला खुणेने बाहेर बोलावले.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर लेक त्यांना सिल्लोडला घेऊन गेली. माझी बहीण तिकडेच असते. ती सांगते, ते घराच्या ओट्यावर बसून असतात. कुणी काही विचारले तर एका शब्दात सांगतात. हो. नाही. जेवलो. चित्रण पाहिलेला कुणी ओळख काढून हसत हसत जवळ आला, तर त्याच्याकडे नुसते पाहतात, आणि तो माणूस ओशाळून निघून जातो. मी दोनदा त्या रस्त्याने गेले. दोन्ही वेळा बस थांब्यावर थांबली आणि मी उतरले नाही.

दुकान आता एका मोबाइलवाल्याने घेतले आहे. आमचे खंड दुसरीकडे बांधले जातात, मशीनने, गोंदाने. उघडले की पाने सुटतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका वस्तीत बैठक होती. सार्वजनिक नळ बंद करण्याबाबत. सत्तरीच्या एक बाई उठल्या. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांत खट्याळ चमक, आणि सगळी वस्ती आतापासूनच हसायच्या तयारीत. "लई झ्याक केलं बघा साहेब तुम्ही," त्यांनी सुरुवात केली. "नळ म्हंजी नुसती कटकट. बाया नळावर भांडत्यात, गप्पा मारत्यात. नळच नाय म्हणल्यावर..."

"मावशी," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत बैठकीत मी पहिल्यांदा बोलले होते. साहेबांनी चमकून पाहिले. मी पेन खाली ठेवले होते.

"मावशी, असे नका बोलू. नळ पाहिजे का नको, तेवढे सरळ सांगा. मला तेवढेच लिहिता येते."

हशा अर्ध्यावर विझला. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. आधी न समजून, मग समजून. डोळ्यांतली चमक हळूहळू गेली. ताठ उभे असलेले खांदे खाली आले. कमरेचा पदर त्यांनी सोडवून डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"नळ राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "पाया पडते. पाण्याशिवाय मरू आम्ही."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. त्या खाली बसल्या, आणि शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला; गयावया करून आलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा.